डायरेक्ट ड्राइव्ह व्हील बेस: काही महिने वापरल्यावर

घरी कार रेसिंगचे गेम खेळायला मी स्टीअरिंग व्हील वापरतो, ज्यातली मोटर गाडीचे जोर हाताला जाणवून देते. त्यात गिअरवाल्या व्हीलवरून डायरेक्ट ड्राइव्हवर आलो त्याला आता बरेच महिने झाले. पहिल्या आठवड्यात कोणी विचारलं असतं तर फक्त ताकदीबद्दलच बोललो असतो. आता ताकदीचं अप्रूप उरलेलं नाही. आधी हाताला कळतच नव्हत्या अशा बारीक गोष्टी आता कळतात आणि पैसे वसूल झाले ते त्यामुळे.

गिअरवाल्या व्हीलमध्ये छोटी मोटर दातेरी चाकांमार्फत स्टीअरिंग फिरवते. लॉजिटेक जी29 च्या वर्गातली व्हील जेमतेम 2 न्यूटन मीटरच्या (फिरवण्याच्या जोराचं माप) आसपास बळ देतात. बेल्टवाली जास्त मऊ आणि शांत असतात, पण बारीक थरथर पट्ट्यातच जिरते. डायरेक्ट ड्राइव्हमध्ये मोटरच्या दांड्यालाच रिम, म्हणजे हातात धरायचं स्टीअरिंगचं चाक, बसते. मोटर असलेला भाग म्हणजे बेस. गिअरचा खडखडाट नाही, मधल्या बिंदूपाशी जाणवणारा ढिलेपणा नाही. माझा बेस 8 न्यूटन मीटरचा आहे.

सगळ्यात मोठा फरक वळणाच्या मध्यावर कळतो. पुढची चाकं ग्रिपच्या टोकाला पोचण्याच्या किंचित आधी स्टीअरिंग हलकं व्हायला लागतं. टायरची स्वतःहून सरळ होण्याची ओढ ही बाजूच्या ग्रिपच्या आधीच शिखर गाठून उतरू लागते, म्हणून असं होतं. जुन्या व्हीलमध्ये हा उतार गिअरच्या घर्षणात बुडून जायचा. गाडी बाहेर जायला लागली की डोळ्यांना दिसायचं, आणि तोवर उशीर झालेला असायचा. आता हाताला आधी कळतं, मी स्टीअरिंग अंशभर सोडतो आणि टायर पुन्हा पकड घेतात. मागची बाजू सुटते तेव्हाही तसंच. रिम स्वतःच उलट दिशेला पळते आणि मी फक्त तिला जाऊ देतो, कुठे थांबवायची तेवढं ठरवतो. पूर्वी ज्या स्लाइड थेट फिरकीत संपायच्या त्यातल्या कितीतरी आता सावरल्या जातात.

जर्मनीतल्या नॉर्डश्लाइफ ट्रॅकवरचं कारुसेल हे वळण माझं आवडतं उदाहरण. त्या आतल्या बाजूला कललेल्या काँक्रीटच्या वळणात लाद्यांचे सांधे एकामागून एक हातात येतात, आणि गाडी किती खोल बसली आहे हे त्यांच्या ठोक्यांवरून समजतं. आधी तिथे नुसती एकसुरी घरघर असायची. वीस किलोमीटरहून लांब असलेला तो ट्रॅक मी या बेसवर नव्याने शिकलो.

सेटिंग्जबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण बेस घेणाऱ्यांची निराशा बहुतेक इथेच होते. गेममधला गेन, म्हणजे स्टीअरिंगच्या जोराची पातळी, पूर्ण चढवला की क्लिपिंग सुरू होतं. गेमला मागायचं असतं त्यापेक्षा कमी बळ मिळतं आणि वेगवान वळणातले सगळे जोर एकसारखे सपाट वाटतात. आयरेसिंग या गेममध्ये काही लॅप नीट मारून 'ऑटो' दाबलं की त्या गाडीपुरतं बळ बसतं. प्रत्येक गाडीसाठी ते वेगळं करावं लागतं, कारण एमएक्स-5 सारखी छोटी स्पोर्ट्स कार आणि जीटी3 वर्गातली रेसिंग कार यांची मागणी सारखी नसते. आसेत्तो कोर्सा कोम्पेतित्सिओने या दुसऱ्या गेममध्ये मी गेन मुद्दाम खाली ठेवतो. सरळ रस्त्यावर हात सैल सोडले की रिम डावी-उजवीकडे हलू लागते. बेस बिघडला असं समजू नका, बेसच्या सॉफ्टवेअरमध्ये थोडं डॅम्पिंग (हालचालीला होणारा रोध) वाढवा. अतिरेक मात्र नको, नाहीतर ज्यासाठी बेस घेतला तेच पुसलं जातं.

टेबलाबद्दल स्पष्ट बोलायला हवं. 8 न्यूटन मीटर टेबलाच्या कडेला क्लॅम्पने धरता येतं, पण फळी वाकते, मॉनिटर हलतो आणि मिळालेल्या बारकाव्यांतला अर्धा भाग फर्निचरमध्ये जातो. अ‍ॅल्युमिनियम प्रोफाइलच्या रिगवर (सीट, पेडल आणि व्हील बसवायची चौकट) बेस बोल्टने घट्ट बसवल्यावरच तो खरा कळला. रिगला जागा नसेल तर 5 न्यूटन मीटरच्या आसपासचा बेस पुरे. तेवढ्यातही डायरेक्ट ड्राइव्हचा गुण कायम राहतो.

सवयी बदलाव्या लागल्या. भिंतीला धडक बसणार असं दिसलं की अंगठे आऱ्यांमधून बाहेर, हात सोडून. ही गोष्ट गमतीवारी नेऊ नका. रिम झटक्यात फिरली तर मनगट मुरगळू शकतं. घरात लहान मुलं असतील तर खेळून झाल्यावर बेस बंद करा. उन्हाळ्यात लांब शर्यतीत बेसचं कवच चांगलंच तापतं, पण जोर कमी झाल्याचं मला अजून जाणवलेलं नाही. आवाज जवळपास नाहीच, रात्री खेळणाऱ्यांच्या घरच्यांना हे आवडेल.

लॅप टाइम? सगळ्यात वेगवान लॅप फारसा सुधारला नाही. सुधारलं ते सातत्य. न थांबता बरेच लॅप मारताना टायर झिजत जातात तसं स्टीअरिंग कुठे हलकं होतंय ते हाताला आधी कळतं आणि चुका कमी होतात. निव्वळ वेळ कमी करायची असेल आणि पैसे एकाच गोष्टीपुरते असतील, तर आधी लोड सेलचं, म्हणजे पायाचा दाब मोजणारं, ब्रेक पेडल घ्या. पायाच्या दाबावर ब्रेक मारता येऊ लागला की वेळ तिथेच जास्त सापडतो. पेडल आधीच चांगलं असेल तर बेस बिनदिक्कत घ्या, आणि विकत घेताना न्यूटन मीटरच्या आकड्याइतकंच त्या कंपनीचं क्विक रिलीज (रिम झटपट काढायची-बसवायची जोडणी) आणि तुम्हाला हव्या त्या रिम मिळतात का हे पाहा. कन्सोलवर खेळत असाल तर तो बेस तुमच्या कन्सोलवर चालतो का, हे सगळ्यात आधी तपासा. पीसीवर चालणारे बरेच बेस तिथे चालत नाहीत.