सीएशिवाय रिटर्न : आठ महिन्यांनंतरचा अनुभव

अकरा वर्षं माझं आयकर रिटर्न कॉलेज रोडवरचे एक सीए भरायचे. फॉर्म १६ (पगार आणि कापलेल्या कराचा ऑफिसचा दाखला) व्हॉट्सॲपवर पाठवायचा, दीड हजार द्यायचे, विषय संपला. गेल्या ऑगस्ट-सप्टेंबरात पहिल्यांदा स्वतः भरलं, माझं आणि निफाडच्या मावसभावाचंही. आता सगळं निस्तरून झालंय, म्हणून लिहितोय.

आधी चांगलं सांगतो. आयकर खात्याच्या पोर्टलवर पगार आणि टीडीएस (आधीच कापलेला कर) आयते भरून येतात. एक पगार, एक घर, थोडं व्याज आणि नवी करपद्धत असेल, तर आयटीआर-१ हा साधा फॉर्म अर्ध्या तासात उरकतो. त्यासाठी दीड हजार मोजायची गरज नाही. मी मात्र वजावटींची जुनी पद्धत निवडली आणि त्या अर्ध्या तासाचे तीन रविवार झाले.

पगार ११ लाख ४० हजार, मुदत ठेवीचं व्याज ३० हजार. २०२३-२४ पासून काही कळवलं नाही की नवी पद्धतच लागू होते, त्यामुळे ऑफिसने ६२,१४० कर कापलेला. व्याज धरून नव्या पद्धतीत कर ६६,८२० येत होता. जुन्यात गृहकर्जाचं व्याज २ लाख, ८०सीचे (विमा, पीएफसारखी बचत) दीड लाख आणि मेडिक्लेमचे २५ हजार वजा जाऊन कर ६३,९६०. वाचले किती, तर २,८६०. नोकरदाराला ही निवड रिटर्नमध्येच करता येते, फक्त मुदतीत भरावं लागतं. पण गेल्या वर्षीपासून वजावटीचा नुसता आकडा चालत नाही. पॉलिसी नंबर, कर्जखातं, कर्जमंजुरीची तारीख, सगळं मागतात. विम्याच्या एका पावतीवरची शाई उडालेली. मोबाइलच्या टॉर्चखाली ती तिरकी धरून शेवटचे तीन आकडे लावले. बायको म्हणाली, “दोन हजारांसाठी डोळे घालवाल, मग चष्म्याला पाच हजार.”

उरलेले १,८२० ऑनलाइन भरताना माती खाल्ली. कमाई २०२४-२५ची, म्हणून चलनात वर्षही तेच निवडलं. तिथे हवं असतं करनिर्धारण वर्ष, म्हणजे कमाईच्या पुढचं, २०२५-२६. पैसे गेले आणि रिटर्नमध्ये बाकी तशीच. चलनातलं वर्ष पोर्टलवरूनच दुरुस्त करता येतं, पण भरल्यापासून सात दिवसांत. माझ्या लक्षात आलं पाचव्या दिवशी.

भावाची गंमत वेगळी. तो ज्युनिअर कॉलेजात शिकवतो, पगार नऊ लाखांच्या वर, आणि वाट्याला आलेल्या द्राक्षबागेतून खर्च जाऊन १ लाख ८० हजार. मी विचारलं तर म्हणतो, “दादा, शेतीला कुठे टॅक्स असतो?” नसतो, बरोबर आहे. पण शेतीचं उत्पन्न ५ हजारांच्या वर गेलं की आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ भरावा लागतो. शिवाय ते उत्पन्न पगारात मिळवून कराचा दर काढतात आणि मग शेतीच्या वाट्याचा कर वजा करतात. म्हणजे द्राक्षांवर कर नाही, पण द्राक्षांमुळे पगारावरचा कर वाढतो. हे त्याला पटवताना माझा घसा बसला. इतकी वर्षं तो शेतीचा रकाना कोराच सोडत होता. आमच्या जिल्ह्यात असे मास्तर किती असतील, देव जाणे.

मुदत ३१ जुलैची १५ सप्टेंबर झाली होती, आणि १५च्या रात्री आणखी एक दिवस वाढली. भावाचं रिटर्न गेलं १६ला. छाटणीला मजूर लागलेले, हा बागेत, रेंज येते फक्त पाण्याच्या टाकीवर. आधारचा ओटीपी तिथून ओरडून सांगितला. पहिल्यांदा मी सहाच्या जागी नऊ ऐकलं. ई-व्हेरिफाय करायला (रिटर्न आपलंच आहे हे ओटीपीने पक्कं करायला) तीस दिवस असतात, हे माहीत असूनही दोघांचा जीव वर-खाली.

आता खरी तक्रार, आणि ती पोर्टलबद्दल नाहीये. एआयएस म्हणजे आपल्याबद्दल बँका, म्युच्युअल फंड, कंपन्यांनी सरकारला काय कळवलंय त्याची यादी. माझ्या यादीत २६ हजारांचं व्याज जास्तीचं दिसलं. ते आईच्या ठेवीचं. पावतीवर दुसरं नाव माझं, आणि एका बँकेने (नाव घेत नाही, आईचं खातं अजून तिथेच आहे) पॅन माझा जोडलेला. मी ‘ही माहिती दुसऱ्या पॅनची’ असा अभिप्राय टाकला. तो पुढे बँकेकडे जातो, तिने मान्य केलं तर सुधारतं. बँक गप्प. डिसेंबरात मला मेसेज, रिटर्न आणि एआयएस जुळत नाही. वाढीव व्याज मान्य करून ३१ डिसेंबरपर्यंत सुधारित रिटर्न भरता आलं असतं. नाही भरलं. उत्पन्न माझं नाहीच, तर कर का भरू? पावतीची झेरॉक्स लावून उत्तर दिलं.

म्हणून स्लॅब (कराच्या दरांचे टप्पे) सोपे झाले म्हणून कुणी नाचायला लागलं की मला हसू येतं. दर सोपे झालेत, खरंच. २०२५-२६ साठी नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंत कर नाही, नोकरदाराला ७५ हजारांच्या प्रमाणित वजावटीसकट पावणेतेरा. माझा कर यंदा शून्य, पावत्यांचा डबा माळ्यावर. १ एप्रिल २०२६ पासून नवा कायदाही आलाय, १९६१च्या कायद्यातली ८१९ कलमं ५३६ झाली आणि माझी विकेट काढणारं करनिर्धारण वर्ष जाऊन एकच ‘कर वर्ष’ आलं. मात्र या जुलैत भरायचं रिटर्न गेल्या वर्षीच्या कमाईचं, त्यामुळे ते जुन्याच कायद्याने आणि चलनात अजून २०२६-२७च निवडायचं.

स्वतः भरण्याला पाचपैकी साडेतीन. भाड्याची घरं, शेअरची खरेदी-विक्री, धंदा असं काही असेल तर सरळ सीएकडे जा. बाकीच्यांनी रिटर्न उघडण्याआधी एआयएस उघडा.

बँकेत तीन खेपा घातल्यावर ठेवीला आईचा पॅन लागला. पोच मागितली तर शिक्का होता, शाई नव्हती. काउंटरवरच्या बाईंनी शिक्क्यावर फुंकर घालून उमटवला. अर्धाच आलाय, पण तारीख वाचता येते.