सीलिअॅक: खाल्लेलं अंगी लागेपर्यंतचे १४ महिने

सीलिअॅकचं, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे लहान आतडं बिघडतं त्या आजाराचं, निदान झाल्यापासून एक वही ठेवली आहे. काय खाल्लं, कोणती गोळी कधी घेतली, पोट कसं होतं, रिपोर्टमध्ये काय आलं, सगळं तिच्यात आहे. आता १४ महिने झाले. ज्यांचं निदान नुकतंच झालंय त्यांना उपयोग व्हावा म्हणून त्या वहीवरून हे लिहितेय. मी डॉक्टर नाही. माझे डोस माझ्या रक्ततपासणीवरून ठरलेले होते, त्यामुळे ते कुणी तसेच उचलू नयेत. म्हणून इथे आकडे फक्त रिपोर्टचे देतेय, गोळ्यांचे नाहीत.

माझं पोट कधी फारसं दुखलंच नाही, त्यामुळे संशय यायलाही वेळ लागला. दोन जिने चढले की दम लागायचा, केस मुठीने गळायचे, महिन्यातून एकदा तरी तोंड यायचं. हिमोग्लोबिन ८.६. दोन वर्षं लोहाच्या गोळ्या घेतल्या, तरी तो आकडा जागचा हलेना. "गोळ्या नेमाने घेत नाही का?" असं दर वेळी विचारलं जायचं आणि मला रडू यायचं, कारण एक दिवसही चुकवलेला नसायचा. शेवटी एका डॉक्टरांनी प्रश्नच वेगळा विचारला: "गोळी पोटात जाते हे खरं, पण ती अंगी लागते का?"

मग टीटीजी-आयजीए ही, सीलिअॅकमध्ये वाढणारे प्रतिपिंड (अँटिबॉडी) मोजणारी रक्ततपासणी झाली. तिच्यासोबत एकूण आयजीएही (हा प्रतिपिंडांचा एक प्रकार) मोजलं, कारण काही जणांमध्ये मुळात आयजीएच कमी असतं आणि मग टीटीजी खोटंच नॉर्मल दिसतं. माझं टीटीजी वरच्या मर्यादेच्या दहापटीहून जास्त आलं. एंडोस्कोपी करून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचे तुकडे तपासले आणि निदान पक्कं झालं. इथे एक गोष्ट जीव तोडून सांगावीशी वाटते: या सगळ्या तपासण्या होईपर्यंत गहू सोडू नका. आधीच सोडला तर रक्तातला आकडा उतरतो, आतडं थोडं सावरतं आणि रिपोर्ट फसवा येतो. मग खरं काय ते कळण्यासाठी पुन्हा कित्येक आठवडे ग्लूटेन खावं लागतं, आणि ते हाल मोठे असतात.

आतड्याच्या आतल्या अस्तरावर मखमलीसारखे बारीक अंकुर असतात. गहू, जव आणि राय (rye, मोहरी नव्हे) या धान्यांतलं ग्लूटेन पोटात गेलं की सीलिअॅकच्या माणसाची प्रतिकारशक्ती आपल्याच अस्तरावर उलटते आणि हे अंकुर झडतात. लोह शोषलं जातं ते मुख्यतः लहान आतड्याच्या अगदी पहिल्या भागात, आणि सीलिअॅकचा मारही तिथेच सगळ्यात जास्त बसतो. म्हणजे माझ्या दोन वर्षांच्या गोळ्या म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. कमतरता गोळ्यांनी भरून निघते हे खरं, पण आधी घडा सुलटा करावा लागतो आणि ते काम फक्त आहार करतो. या १४ महिन्यांत मला पटलेली मुख्य गोष्ट हीच.

आहाराचं सांगायचं तर गहू बंद करणं सोपं गेलं. अवघड गेला तो कणाकणाचा हिशेब. ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये साधारण २ ग्रॅम ग्लूटेन असतं. रोज फक्त ५० मिलिग्रॅम, म्हणजे त्या स्लाइसचा चाळिसावा भाग, तीन महिने पोटात गेलं तरी आतड्याला इजा होते, हे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं होतं. हे वाचलं त्या दिवशी मी स्वयंपाकघर नव्या नजरेने पाहिलं. लाकडी पाट, चाळणी, टोस्टर, पिठाच्या डब्यातला चमचा, लोण्यात बुडवलेली दुसऱ्याची सुरी. पाट आणि चाळणी माझ्यासाठी नवीन आणली, टोस्टर वेगळा केला, आणि गव्हाचं पीठ मळायचं असेल तर माझं जेवण आधी करून झाकून ठेवायचं असा घरात नियम केला. पीठ हवेत उडतं आणि बराच वेळ खाली बसत नाही, हे आधी कधी लक्षातच आलं नव्हतं.

तांदूळ, मका, ज्वारी, राजगिरा, डाळी, बटाटा, अंडी, मासे, भाज्या, फळं हे मुळातच ग्लूटेनमुक्त. माझं पोट यांनीच सावरलं. पाकिटातल्या 'ग्लूटेन-फ्री' पदार्थांबद्दल मात्र माझा अनुभव मिश्र आहे. त्यांवरचा शिक्का खोटा नसतो. आंतरराष्ट्रीय मानकानुसार किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन त्यात चालत नाही आणि ही मर्यादा बहुतेक रुग्णांना सुरक्षित आहे. पण सुरुवातीचे दोन महिने मी जवळजवळ या ब्रेड-बिस्किटांवरच काढले. त्यांत बरंच काही नुसतं स्टार्च आणि साखर, तंतू कमी, आणि गव्हाच्या पिठात कारखान्यात जसं लोह आणि फोलिक अॅसिड घालतात तसं यांत बहुधा घातलेलं नसतं. बद्धकोष्ठ झालं, वजन चार किलो वाढलं आणि थकवा होता तसाच राहिला. डाळी, जवस आणि भाज्या वाढवल्यावर पोट मोकळं व्हायला लागलं.

दुधाचंही सांगते. पहिले पाच महिने दूध प्यायलं की पोट फुगायचं. दुधातली साखर पचवणारं विकर त्या अंकुरांच्या टोकांवरच तयार होतं, त्यामुळे अंकुर गेले की तेही जातं. मला वाटलं आता दूध कायमचं सुटलं. दही मात्र पचायचं, त्यावर भागवलं. सहाव्या महिन्यात अर्धा कप दूध घेऊन पाहिलं आणि काही झालं नाही. आतडं भरून येतंय याची पहिली खूण मला रिपोर्टच्याही आधी त्या अर्ध्या कपाने दिली.

आता गोळ्या. लोहाची गोळी आधी रोज घ्यायचे आणि पोटात मळमळ घेऊन फिरायचे. डॉक्टरांनी ती एक दिवसाआड केली. लोहाचा डोस घेतला की शरीरात हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि ते पुढच्या डोसची वाट काही काळ अडवतं, म्हणून मध्ये एक दिवस सोडला तर प्रत्येक गोळीतलं लोह जास्त शोषलं जातं. मला हे मानवलं. गोळी रिकाम्या पोटी, सोबत आंबट फळाचा रस, चहा-कॉफी दोन तास लांब. कॅल्शियमची गोळी तिच्यासोबत कधीच नाही, ती रात्रीच्या जेवणाबरोबर. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारा आकडा, सुरुवातीला ४ होतं, तीन महिन्यांनी ११, वर्षाने ४६. हिमोग्लोबिन आता १२.४ आहे. ज्यांना तोंडाने लोह सोसतच नाही त्यांना ते शिरेतून देता येतं, हे मला फार उशिरा कळलं.

'ड' जीवनसत्त्व ९ होतं. ते तेल-तुपाचा अंश असलेल्या जेवणाबरोबर घ्यायचं, कारण ते स्निग्ध पदार्थात विरघळतं. हाडांची घनता मोजली तर ती वयाच्या मानाने कमी निघाली आणि त्याचा मला खरा धक्का बसला, कारण हाडं आतून विरळ होत असताना दुखत नाहीत. निदान झालेल्या मोठ्या माणसांनी ही तपासणी करायची का, हे डॉक्टरांना जरूर विचारावं. बी-१२ आणि फोलेट दोन्ही कमी होते. फोलिक अॅसिड एकट्याने सुरू करायचं नाही हे इथे शिकले: त्याने रक्तक्षय सुधारल्यासारखा दिसतो, पण बी-१२ कमीच राहिलं तर आत नसांचं नुकसान चालूच राहतं. झिंक फक्त तीन महिने घेतलं आणि थांबवलं, कारण ते जास्त दिवस जास्त घेतलं तर शरीरातलं तांबं कमी होतं.

केसांसाठी म्हणून बायोटिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या मी स्वतःहून आणल्या होत्या. त्यांनी थायरॉइडसारख्या काही रक्ततपासण्यांचे आकडे चुकू शकतात, हे प्रयोगशाळेतल्या बाईंनी सांगितलं म्हणून कळलं. बंद केल्या. केस गळायचे थांबले ते फेरिटिन वाढल्यावर. प्रोबायोटिक दोन महिने घेतलं, मला काहीच फरक जाणवला नाही. ग्लूटेन पचवून टाकतो असं सांगून विकल्या जाणाऱ्या विकरांच्या गोळ्यांवर विसंबून गव्हाचं काही खाऊ नका, ही माझी हात जोडून विनंती आहे. ग्लूटेनमधल्या ग्लायडिन या प्रथिनाचा ३३ अमिनो आम्लांचा एक तुकडा आपल्या पाचकरसांना दाद देत नाही. या गोळ्या थोडं ग्लूटेन तोडतात, पण जे उरतं तेही आतडं बिघडवायला पुरेसं असतं.

सगळ्यात मोठा फटका मला आहाराने दिला नाही, पूरक म्हणून घेतलेल्या वस्तूने दिला. टीटीजी तीन महिन्यांत निम्म्यावर आलं होतं. सहाव्या महिन्यात ते उतरायचं सोडून थोडं चढलं. मी घरातला प्रत्येक डबा तपासला, बाहेरचं खाणं बंद केलं, घरच्यांवर चिडले. वही आहारतज्ज्ञांना दाखवली तेव्हा त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं: अशक्तपणासाठी रोज सकाळी घेत असलेली ताकदीची पावडर. डब्यावर ठळक अक्षरांत 'गहू नाही' असं लिहिलेलं होतं आणि ते खरंच होतं. पण घटकांच्या बारीक यादीत माल्ट अर्क होता, आणि माल्ट म्हणजे बहुतेक वेळा जव. चार महिने मी रोज मोठ्या श्रद्धेने तेच पीत होते. त्या दिवशी घरी येऊन घरच्यांची माफी मागितली. पावडर बंद केली आणि नवव्या महिन्यात आकडा पुन्हा उतरला. आता मर्यादेच्या किंचित वर आहे. तेव्हापासून कोणतीही गोळी, अगदी डोकेदुखीचीसुद्धा, घेण्याआधी औषधविक्रेत्याला विचारते की यातलं स्टार्च कशाचं आहे. बहुतेकदा मक्याचं किंवा बटाट्याचं असतं, पण विचारल्याशिवाय घेत नाही.

ओट्स अजून सुरू केलेले नाहीत. शुद्ध ओट्स बहुतेकांना चालतात, पण साधे ओट्स शेतात आणि गिरणीत गव्हा-जवात मिसळलेले असतात, शिवाय काही थोड्या रुग्णांना त्यातलं प्रथिनही सोसत नाही. टीटीजी नॉर्मल झालं की डॉक्टरांना विचारून पाहीन. आतडं पूर्ण भरून यायला मोठ्या माणसात दोन वर्षं किंवा त्याहूनही जास्त लागू शकतात, म्हणून मी घाई करत नाही.

ब्रेडच्या वासाने अजूनही कधी कधी जीव कासावीस होतो. तेव्हा विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाची आठवण काढते. १९४४-४५ च्या दुष्काळात नेदरलँड्समध्ये ब्रेड मिळेनासा झाला. आजूबाजूची माणसं भुकेने खंगत असताना त्याचे सीलिअॅकचे बालरुग्ण मात्र सुधारले, आणि ब्रेड परत आल्यावर पुन्हा आजारी पडले. गव्हावरचा त्याचा संशय पुढे १९५० च्या प्रबंधात मांडला गेला. त्याआधी कित्येक मुलं का गेली हे कुणालाच कळत नव्हतं. मला कळलंय, आणि उपाय माझ्या ताटात आहे.

सख्ख्या नात्यात हा आजार असण्याची शक्यता साधारण दहात एक असते, म्हणून मी धाकट्या भावाच्या मागे लागले होते. "ताई, मला दगड खाल्ला तरी पचतो," म्हणून त्याने वर्ष काढलं. गेल्या आठवड्यात तपासणी केली आणि त्याचं टीटीजी वाढलेलं निघालं. एंडोस्कोपीची तारीख पुढच्या महिन्यातली आहे. तोवर त्याने ग्लूटेन सोडायचं नाहीये. त्यामुळे सध्या तो आमच्याकडे आला की त्याच्यासाठी मीच ब्रेड आणते, त्याचा पाट वेगळा काढते आणि ओटा दोनदा पुसते.