२००४ चं क्लास सी मोटरहोम: डेथ व्हॅलीहून परतल्यावर बदललेलं मत

गेल्या ऑक्टोबरात घेतलेल्या आमच्या जुन्या मोटरहोमबद्दल (राहायची सोय असलेली गाडी; क्लास सी म्हणजे व्हॅनच्या केबिनमागे घर बांधलेला प्रकार) डिसेंबरात लिहिलं असतं, तर ते निव्वळ संतापाने लिहिलं गेलं असतं. मार्चमध्ये गाडी कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीच्या चढावर अडखळली, मग घरी, सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात, परतल्यावर गॅरेजशी वाद झाला. तो मिटला आणि आता शांतपणे लिहिता येतंय. मत बरंच बदललं आहे, पण सगळं नाही.

गाडी २००४ ची, २८ फुटी, पेट्रोलचं व्ही-१०, म्हणजे दहा सिलिंडरचं इंजिन, चार गिअरचा ऑटोमॅटिक. गॅलनला ८ मैल मिळतात, समोरून वारा असेल तर ७. अशा गाड्या पाहिलेल्यांना यात नवं काही नाही, आणि मलाही हे माहीत होतं. कॅलिफोर्नियात ४० फुटांपर्यंतचं मोटरहोम साध्या लायसन्सवर चालवता येतं, त्यामुळे तीही अडचण नव्हती. माझी तक्रार पहिल्या आठवड्यापासून एकाच गोष्टीची: ड्रायव्हर आणि शेजारची सीट यांच्या मधोमध बसवलेलं इंजिनाचं झाकण. इथे त्याला डॉगहाऊस म्हणतात.

जुन्या एसटीत ड्रायव्हरच्या डाव्या हाताला जे बॉनेट असायचं, अगदी तेच हे. इंजिनाचा पुढचा भाग गाडीच्या नाकाखाली, मागचा भाग थेट केबिनमध्ये, आणि मधे प्लॅस्टिकचं एक मोठं झाकण. चढावर इंजिन ४,००० आरपीएमच्या आसपास फिरायला लागलं की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. शेजारी बसणाऱ्याचा डावा पाय भाजून निघतो. हिने तर हिवाळ्यातसुद्धा पाय आखडून प्रवास केला. एवढ्या मोठ्या गाडीत पुढच्या माणसाला पाय ठेवायला धड जागा नाही, ही गोष्ट मला आजही पटत नाही.

त्याहून गंभीर म्हणजे कडेचं सील. झाकण खाली केबिनच्या तळाला जिथे टेकतं तिथे फोमची पट्टी असते. आमच्या गाडीत ती चपटी होऊन वाळली होती. गाडी विकणाऱ्याने सांगितलं, ‘जुन्या गाड्यांना थोडा वास येतोच.’ हे उत्तर मान्य करू नका. इंजिनाच्या भागातला वास आत येतो याचा अर्थ कुठे एक्झॉस्ट गळत असेल तर कार्बन मोनॉक्साइडही आत येईल, आणि त्याला वास नसतो. मी आधी एक्झॉस्ट तपासून घेतला, मग पट्टी खरवडून काढली आणि जाड, उष्णता सहन करणारी नवीन पट्टी चिकटवली. झाकणाच्या आतून अ‍ॅल्युमिनियमचा थर असलेली मॅट लावली. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही बदलला. त्याचं आयुष्य तयार झाल्यापासून साधारण ५ ते ७ वर्षं असतं आणि तारीख मागे छापलेली असते. आमच्या अलार्मचा हिरवा दिवा छान लागत होता, पण त्याची मुदत कधीच संपून गेली होती.

एवढं करून उष्णता निम्म्याने कमी झाली, आवाज तेवढाच राहिला. डिसेंबरात मला कोणी विचारलं असतं, तर मी सांगितलं असतं की थोडे पैसे जास्त घाला, पण इंजिन केबिनबाहेर असलेलीच गाडी घ्या.

मार्चमध्ये आई-बाबा साताऱ्याहून आले. बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले मेकॅनिक. टेहाचापीवरून, मग ३९५ आणि १९० नंबरच्या रस्त्याने डेथ व्हॅलीत उतरलो. बॅडवॉटर समुद्रसपाटीच्या २८२ फूट खाली आहे, म्हणजे ८६ मीटर. आईला तिथलं मीठ पाहून हरखून जायला झालं. जाताना गाडीने काहीही त्रास दिला नाही.

परतताना स्टोव्हपाइप वेल्स सोडलं, तिथेच चढ सुरू होतो. हे ठिकाण जवळजवळ समुद्रसपाटीला आणि टाऊन पास ही खिंड ४,९५६ फुटांवर, आणि मधलं अंतर वीसेक मैलांच्या आत. अर्ध्या चढावर गाडी हिसके द्यायला लागली आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला. स्थिर दिवा आणि लुकलुकणारा दिवा यांत मोठा फरक आहे. लुकलुकतोय म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल न जळता तसंच एक्झॉस्टमध्ये जातंय. ते कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणारा भाग) जाऊन जळतं आणि कन्व्हर्टरची वाट लावतं. त्याची किंमत ऐकली की माणूस आपोआप पाय उचलतो.

मागून बाबांचा आवाज आला, ‘मिसिंग मारतंय. दाबू नकोस, खालच्या गिअरमध्ये हळू चढू दे.’ अ‍ॅक्सिलरेटर सोडला तसे हिसके थांबले. रेंगाळत वर पोचलो, दुसऱ्या गिअरमध्ये पलीकडे उतरलो आणि पॅनामिंट स्प्रिंग्जच्या कॅम्पवर गाडी लावली. फोनला रेंज नाही. वारा असा की बाहेर उभं राहिलं की डोळ्यांत वाळू.

आणि इथून माझं मत बदललं. बाहेर त्या वाऱ्यात बॉनेट उघडून काहीही करणं अशक्य होतं. आम्ही इंजिन पुरतं गार होऊ दिलं, मधला कन्सोल सरकवला, झाकणाच्या पकडी आणि खालचे बोल्ट सोडले आणि झाकण उचलून मागे गादीवर ठेवलं. इंजिनाचा मागचा भाग समोर, डोक्यावर दिवा, बसायला सीट, दार बंद. आईने चहा केला तो हातात. इंजिनाचं काम इतक्या सोयीने करता येतं हे मी तोवर पाहिलं नव्हतं.

कोड वाचणारं छोटं यंत्र गाडीत होतं. पी०३१० आला, म्हणजे दहाव्या सिलिंडरमध्ये मिसफायर, तिथे पेट्रोल नीट जळत नाही. मला वाटलं, कारण सापडलं. बाबा म्हणाले, ‘दहावा काम करत नाही एवढंच कळलं. कॉइल, प्लग का इंजेक्टर, ते अजून कुठे कळलंय?’ डिझेलमध्ये ते एकेका इंजेक्टरच्या पाइपाचा नट सैल करून इंजिनाचा आवाज ऐकायचे. ज्याचा नट सैल करून आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीपासून मेलेला. इथे नट नाहीत, पण प्रत्येक प्लगवर ठिणगीसाठी वीज देणारी स्वतंत्र कॉइल आहे, सात नंबरच्या एका बोल्टने धरलेली. दहावा म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूचा सगळ्यात मागचा. त्याची कॉइल काढून नवव्यावर लावली, नवव्याची दहाव्यावर. कोड पुसला, झाकण लावलं, सकाळी कॅम्पबाहेरच्या चढावर इंजिनावर थोडा भार दिला. आता पी०३०९. दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे प्लग आणि इंजेक्टर निर्दोष. यासाठी एक पैसाही खर्च झाला नाही.

कॉइल पुन्हा बाहेर काढून तिच्या खालचा रबरी बूट नीट पाहिला, तर त्यावर उभी बारीक चीर आणि तिच्या कडेने पांढुरकी रेघ. ठिणगी तिथून बाहेर उडी मारून थेट इंजिनाच्या अंगाला जात होती. सपाटीवर हे होत नव्हतं, कारण भार कमी असताना सिलिंडरमधला दाब कमी असतो आणि प्लगच्या फटीतून ठिणगी पडायला कमी व्होल्टेज लागतं. चढावर दाब वाढतो, व्होल्टेज जास्त लागतं आणि वीज सोपी वाट शोधते. ज्यांची गाडी गावात ठीक चालते आणि घाटातच अडते, त्यांनी आधी हे बघावं.

पुढे १९० वरचाच फादर क्रॉलीचा चढ टाळून पॅनामिंट व्हॅलीतून ट्रोनामार्गे रिजक्रेस्टला हळूहळू आलो. बुटासकट नवी कॉइल ६० डॉलरच्या आत मिळाली. पार्टच्या दुकानाच्या पार्किंगमध्ये झाकण परत उघडलं, बुटाच्या आत डायइलेक्ट्रिक (वीज न वाहू देणारं) ग्रीस लावून कॉइल बसवली आणि टेहाचापीचा चढ गाडी एकही हिसका न देता चढली.

घरी आल्यावर सगळी गाडी एकदा जाणकाराकडून पाहून घ्यावी म्हणून एका गॅरेजला दिली. त्यांचं एस्टिमेट: दहाच्या दहा कॉइल, दहा प्लग आणि ‘डॉगहाऊस काढण्याची’ मजुरी, मिळून २,८०० डॉलर. मी विचारलं, उरलेल्या नऊ कॉइलपैकी खराब कुठली? उत्तर, ‘वय झालंय.’ तपासणीचे पैसे मात्र वेगळे. कॅलिफोर्नियात कामाआधी लेखी एस्टिमेट द्यावंच लागतं, आणि काम देतानाच मागितलेत तर काढलेले जुने पार्ट तुम्हाला परत मिळतात. मी जुने पार्ट परत हवेत असं लिहून मागितलं आणि काय तपासलं त्याचा तपशील मागितला. तपशील देता येईना. बरीच बोलाचाली झाल्यावर तपासणीचे निम्मे पैसे परत आले आणि मी गाडी घेऊन आलो. त्यांनी एका तरी कॉइलचा दोष दाखवला असता, तर मी काम तिथेच करून घेतलं असतं.

प्लग बाबांनी आणि मी घरीच बदलले, सोबत दहाही बूट. फक्त रबर बदललं, कॉइल त्याच. प्लग काढण्याआधी इंजिन पूर्ण गार हवं, कारण हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं आणि गरम असताना प्लग ओढला तर आटे प्लगबरोबर बाहेर येऊ शकतात. आधी खळग्यातली धूळ हवेने उडवून द्या, नवा प्लग हाताने फिरवत बसवा आणि शेवटचा पीळ टॉर्क पान्यानेच, मॅन्युअलमधल्या आकड्याइतका. मागचे प्लग झाकणाच्या वाटेने सहज हाताला लागले. पुढच्यांसाठी मात्र नाकाखाली वाकून पाठ मोडली.

बाकीचं थोडक्यात. ब्रेक ऑइल बदललं. डॉट ३ प्रकारचं ऑइल नवं असताना किमान २०५ अंश सेल्सियसला उकळतं, पाणी शोषून जुनं झालं की १४० लाच, आणि टाऊन पासच्या उतारानंतर पेडल मऊ लागलं होतं. जनरेटर पाव टाकीवर बंद पडतो, तो बिघाड नाही. त्याचा पाइप टाकीत मुद्दाम वर ठेवलेला असतो, म्हणजे रात्रभर एसी चालवला तरी घरी जाण्यापुरतं पेट्रोल उरतं. हे कळल्यावर मला फार आनंद झाला. टायरची तारीख पाहताना मागच्या जोड-टायरांतले आतलेही पाहा. चार आकड्यांचा पूर्ण कोड टायरच्या एकाच बाजूला असतो, त्यामुळे कधी कधी गाडीखाली झोपावं लागतं. २३१४ म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा. आमच्या बाहेरच्या टायरांची नक्षी नव्यासारखी होती आणि आतले दोन त्यांच्याहून कितीतरी जुने निघाले. ते या महिन्यात बदलतोय.

आता डॉगहाऊसबद्दल. पाय भाजतो, आवाज येतो, ती तक्रार कायम आहे. पण ज्याला हाताने काम करायचंय आणि पैसे वाचवायचेत, त्याच्यासाठी या गाडीची सगळ्यात मोठी सोय तीच आहे, असं मी आता म्हणतो. अशी गाडी बघायला जाल तेव्हा विक्रेत्याला ते झाकण काढून दाखवायला सांगा. कडेची पट्टी, मागचे बूट, एक्झॉस्टच्या जोडाजवळची काजळी, हे सगळं तिथूनच दिसतं. झाकण काढायला फार वेळ लागत नाही. त्याला तेवढा वेळ नसेल, तर दुसरी गाडी बघा.