कूपाय: इम्पोर्टची ओळ बदलली, पुढे काय?

नम्पाय ही पायथनमधली आकड्यांच्या गणितांची लायब्ररी; कूपाय तीच गणितं ग्राफिक्स कार्डावर करते. नम्पायच्या जागी कूपाय इम्पोर्ट करा, बाकी कोड तसाच राहू द्या, अशी तिची ख्याती आहे. बहुतेक कोड खरोखर तसा चालतोही. तो वेगाने धावेल का, हे मात्र डेटा कुठे ठेवलाय यावर ठरतं.

हिशोबच मांडू. फ्लोट३२ चे, म्हणजे चार बाइटचे, दहा कोटी दशांश आकडे असलेले दोन ॲरे (आकड्यांच्या रांगा), करायची फक्त बेरीज. एकेक ॲरे ४०० एमबीचा. १२ जीबीच्या आरटीएक्स ३०६० या ग्राफिक्स कार्डाची मेमरी सेकंदाला ३६० जीबी वाहून नेते, म्हणजे दोन ॲरे वाचून तिसरा लिहायला साडेतीन मिलिसेकंदही नकोत. पण कार्ड आणि संगणक यांना जोडणाऱ्या पीसीआयई ४.० च्या सोळा लेनमधून कागदोपत्री सेकंदाला ३२ जीबीच्या आसपासच जातात. त्यातले २५ पदरात पडले तरी डेटा आत न्यायला ३२ आणि निकाल बाहेर आणायला १६ मिलिसेकंद गेले. तेवढ्यात साधा प्रोसेसर ही बेरीज उरकून मोकळा होतो. म्हणून ॲरे एकदाच कार्डावर चढवायचे, सगळी गणितं तिथेच करायची आणि शेवटचा निकाल तेवढा गेट या फंक्शनने संगणकाच्या मेमरीत उतरवायचा. मोठ्या मॅट्रिक्सचे गुणाकार, एफएफटी (लहरींच्या विश्लेषणाचं गणित), एकाच डेटावर पन्नास क्रिया अशा कामांत कूपाय पैसे वसूल करून देते. छोट्या ॲरेवर पायथनचा फॉर लूप फिरवलात तर नम्पायपेक्षाही रखडेल, कारण प्रत्येक कर्नल (कार्डावर चालणारा छोटा प्रोग्राम) सुरू करण्यातच काही मायक्रोसेकंद जातात.

वेळ मोजताना हमखास फसगत होते. कर्नल रांगेत टाकून पायथन पुढे निघून जातो, त्यामुळे साध्या घड्याळावर दिसणारा आकडा हास्यास्पद लहान येतो. मोजणी थांबवण्याआधी सिंक्रोनाइझ करा, म्हणजे कार्डाचं काम संपेपर्यंत थांबा, नाहीतर कूपायचं स्वतःचं बेंचमार्क फंक्शन वापरा. पहिली फेरी धरू नका, तिच्यात कर्नल कंपाइल होण्याचा वेळ मिसळलेला असतो.

दुसरा खड्डा फ्लोट६४ चा, म्हणजे आठ बाइटच्या दशांश आकड्यांचा. नम्पायप्रमाणे इथेही दशांश आकडे आपसूक याच प्रकारात बनतात, आणि ३०६० सारख्या गेमिंग कार्डांवर फ्लोट६४ चा गणिती वेग फ्लोट३२ च्या १/६४ असतो. डेटा सेंटरसाठीच्या ए१०० कार्डावर तो निम्मा आहे. अचूकता पुरणार असेल तर ॲरे बनवतानाच फ्लोट३२ लिहा. विसरलात, तर दोष लायब्ररीच्या माथी मारू नका.

दोष मात्र आहेत. इंडेक्सच्या ॲरेत मर्यादेबाहेरचा आकडा आला की नम्पाय एरर देतं. कूपाय गुपचूप गोल फिरून दुसराच घटक उचलते. चुकीचं उत्तर बिनबोभाट हाती येतं, आणि हे सगळ्यात वाईट. एकच इंडेक्स दोनदा देऊन किंमत भरली, तर कुठली टिकेल याचा भरवसा नाही. तोच सीड (यादृच्छिक आकड्यांची सुरुवात ठरवणारी संख्या) दिला तरी यादृच्छिक आकडे नम्पायचे येत नाहीत, त्यामुळे जुन्या चाचण्या त्यावर बेतलेल्या असतील तर पडतील. बेरजेचं सम हे फंक्शनसुद्धा साधा आकडा न देता शून्य मितीचा ॲरे देतं. तो इफमध्ये तपासला की कार्डाचं काम संपेपर्यंत प्रोग्राम खोळंबतो.

ॲरे डिलीट करूनही एनव्हिडियाच्या मॉनिटरवर मेमरी भरलेलीच दिसते. ती गळती नव्हे. कूपाय सुटलेले ब्लॉक पुढच्या वापरासाठी पूलमध्ये राखते. दुसऱ्या प्रोग्रामला जागा हवी असेल तर पूल मोकळा करायला सांगावं लागतं. लांबलचक सूत्रांत मधले ॲरे जागा खातात, तिथे फंक्शनच्या डोक्यावर फ्यूज डेकोरेटर (एका ओळीची खूण) लावा: साध्या घटकनिहाय क्रिया एकाच कर्नलमध्ये जोडल्या जातात, मेमरीच्या खेपाही वाचतात.

इन्स्टॉल करताना पिपला (पायथनच्या इन्स्टॉलरला) कुडाच्या, म्हणजे एनव्हिडियाच्या कार्डांवर गणितं चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, आवृत्तीचा प्रत्यय असलेलं नाव द्या. नुसतं कूपाय लिहिलंत तर सोर्सपासून बांधणी सुरू होते. दोन प्रत्ययांची पॅकेजं एकाच एन्व्हायर्नमेंटमध्ये ठेवू नका, एकमेकांच्या फायलींवर पाय देतात. एएमडीच्या कार्डांसाठीचा आधार प्रायोगिक म्हणूनच दिला जातो, त्यावर रोजचं काम टाकू नये.