इंजिनकामाचं बिल भरलं, चेंबर मात्र उघडलाच नव्हता

पडीक गाडी घ्यायची म्हटलं की सगळे विकणाऱ्यापासून सावध राहायला सांगतात. माझ्या बाबतीत विकणारा सरळ निघाला. गाडी कित्येक वर्षं उभी आहे, धूर मारते, दारांखालचा पत्रा सडलाय, हे त्याने आपणहून दाखवलं आणि त्या हिशेबानेच किंमत घेतली. मला लुबाडलं ते नंतर, दुरुस्तीच्या नावाखाली.

गॅरेजवाल्याने अंदाज तोंडी सांगितला. ‘खोलल्याशिवाय नक्की कळत नाही’ हे त्याचं म्हणणं खोटं नसतं, म्हणूनच ते फार सोयीचं पडतं. हेड (इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) उतरलं, गाडी दुसरीकडे न्यायची सोय संपली, आणि मग फोन सुरू झाले: ‘आता खोललंच आहे तर हेही करून घ्या.’ आधी रिंगा (पिस्टनभोवतीच्या, सिलिंडरची फट बुजवणाऱ्या), मग पिस्टन, बेअरिंग, टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्हचा ताल जुळवणारा पट्टा), वॉटर पंप. नको म्हटलं की ‘मग गॅरंटी मागू नका.’

गाडी हातात आली तेव्हा धूर नव्हता. काही आठवड्यांत सायलेन्सरमधून निळा धूर यायला लागला. निळा धूर म्हणजे ऑईल जळतंय. (पांढरा आणि गोडसर वासाचा असेल तर कूलंट.) गॅरेजवाला म्हणाला, नव्या रिंगा बसायला वेळ लागतो. लागतो, पण मग धूर कमी होत जायला हवा, वाढायला नको.

दुसऱ्या मेकॅनिकने प्लग काढून कॉम्प्रेशन गेज लावला. दोन सिलिंडरचं प्रेशर कमी आलं. त्यांत चमचाभर ऑईल सोडून पुन्हा मोजलं, तर लगेच वाढलं. ऑईलने रिंगांची फट घटकाभर बुजते, म्हणजे गळती तिथेच. वाढलं नसतं तर संशय व्हॉल्व्हवर गेला असता. मग गाडी रॅम्पवर घेतली. चेंबरच्या, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑईल साठतं त्या भांड्याच्या, बोल्टांवर ऑईल-धुळीचा जुना घट्ट थर जसाच्या तसा होता, एकाही डोक्यावर पान्याचा ओरखडा नाही. या इंजिनात पिस्टन वरून निघतो, पण त्याआधी खालून चेंबर उतरवून पिस्टनला धरणाऱ्या कनेक्टिंग रॉडची कॅप सोडावी लागते. चेंबर न उघडता रिंगा बदलल्या, असं होऊच शकत नाही. हेड गॅस्केट तेवढं नवं होतं, त्याची कड बाहेरून दिसते ना! आणि धूर दबला होता तो जाड ऑईलमुळे. काढलं तेव्हा ते काकवीसारखं ओघळत होतं.

खरी चीड आली ती टायमिंग बेल्टचं कव्हर काढल्यावर. कडांचे दोरे सुटलेले, पाठीवरची छापील अक्षरं पुसलेली, दातांच्या मुळाशी चिरा. रिंगा गेल्या तर गाडी ऑईल पिते, धूर मारते. पण अशा इंजिनात चालत्या गाडीचा बेल्ट तुटला तर पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आपटतात, व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड पुन्हा उतरवावं लागतं. बदलल्याचं बिल हातात असताना तो बेल्ट कोण कशाला तपासायला जाणार?

फोटो दाखवल्यावर गॅरेजवाला आधी म्हणाला, ‘पोऱ्याने गडबड केली असेल’, मग ‘जुन्या गाडीत असं चालायचंच’. बेल्टचे पैसे कसेबसे परत मिळाले. पिस्टन आणि मजुरीचा विषय काढला की फोन उचलत नाही. बिलावर नुसतं ‘इंजिनकाम’. ना पार्ट नंबर, ना कंपनीचं नाव.

अशी गाडी कामाला टाकणार असाल तर हेड उतरण्याआधी प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन लिहून घ्या आणि काम झाल्यावर स्वतःसमोर पुन्हा मोजायला लावा. तोंडी अंदाज घेऊ नका. खोलल्यावर काम वाढलं तर तेही लिहून, पार्ट नंबरसकट. जुने पार्ट परत मागाच, पण त्यावर विसंबू नका. भंगारातल्या कुठल्याही गाडीच्या रिंगा पुडीत बांधून देता येतात. मी आता चेंबरच्या दोन-तीन बोल्टांवरून ब्लॉकपर्यंत नेलपॉलिशची बारीक रेघ ओढतो. बोल्ट फिरला की रेघ तुटते. दुसऱ्या मेकॅनिकला ती दिसली तेव्हा तो चिडला नाही. म्हणाला, ‘गिअरबॉक्सच्या बोल्टांवर पण मारा. क्लच प्लेट बदलायला तो उतरवावाच लागतो, आणि न उतरवता बिल लावणारे कमी नाहीत.’