युनोस रोडस्टरचे पॉप-अप हेडलाइट: दुरुस्तीनंतर अख्खा हिवाळा काढल्यावर

माझदाची पहिल्या पिढीची एमएक्स-5, म्हणजे 1989 ते 1997 ची छोटी उघडी स्पोर्ट्स कार, इंग्लंडमध्ये अजूनही बऱ्यापैकी दिसते. त्यातल्या कित्येक जपानहून आलेल्या ‘युनोस रोडस्टर’ आहेत; तिथे याच गाडीचं हे नाव. तिचे हेडलाइट बंद असताना बॉनेटमध्ये झाकणाखाली मिटलेले असतात आणि लावले की झाकणासकट वर येतात. हेडलाइट वर येईनासा झाला की जो तो ‘मोटर बदला’ म्हणतो. दुरुस्त केलेल्या जोडीवर हिवाळा काढून झाल्यावर माझं मत उलटं आहे: मोटरला हात सगळ्यात शेवटी लावा.

निम्मं निदान यंत्रणा समजली की होतं. दोन्ही दिव्यांना वेगळी मोटर आहे आणि ती एकाच दिशेने फिरते. अर्ध्या फेऱ्यात आर्म दिवा वर ढकलतो, उरलेल्या अर्ध्यात खाली ओढतो. थांबायचं कुठे, हे मोटरच्या आतली तांब्याची चकती आणि तिच्यावर घासणारे संपर्क ठरवतात. म्हणून दोन्ही दिवे एकदम मेले तर दोन्ही मोटरी एकाच दिवशी जळाल्या असं सहसा नसतं. बॉनेटखालच्या फ्यूज बॉक्समधला 30 अँपिअरचा रिट्रॅक्टर (दिवे वर-खाली करणाऱ्या मोटरींचा) फ्यूज, मग रिले, मग डॅशबोर्डवरचं बटण, या क्रमाने बघत जा. एकच दिवा मेला असेल तर त्याच बाजूचा कनेक्टर, अर्थिंग आणि मोटर. दिवा वर-खाली, वर-खाली करत थांबतच नसेल तर चकती काळी पडली आहे.

हात घालण्याआधी रिट्रॅक्टर फ्यूज काढाच. झाकण अचानक मिटलं तर बोटांचं काही खरं नाही. बॅटरी डिकीत असते. तिची निगेटिव्ह तार काढली तर आणखी बरं. मोटरच्या डोक्यावर रबरी टोपी आणि तिच्याखाली हाताने फिरवायची मूठ असते. ती फिरवून दिवा वर आणा. मूठ सहज फिरली आणि दिवाही अडखळला नाही, तर दोष बहुधा विजेचा. मध्येच जड लागली तर बिजागरी, लिंकचे (मोटरचा आर्म आणि दिवा जोडणाऱ्या दांड्याचे) सांधे किंवा आतलं सुकलेलं ग्रीस.

आता मल्टिमीटर. फ्यूज परत लावा, बॅटरी जोडा, हात लांब ठेवा. कनेक्टरवर 12 व्होल्ट येत असूनही मोटर गप्प असेल तर पान्याच्या दांड्याने तिच्या अंगावर हलकेच टकटक करा. चालू झाली तर कार्बन ब्रश झिजलेत. मोटर चालते पण रेंगाळते, अशा वेळी ती फिरत असताना मोटरची अर्थिंगची तार आणि बॅटरीचं निगेटिव्ह टोक यांच्यातला व्होल्टेज मोजा. 0.2 पेक्षा जास्त दिसला तर अर्थिंगचा बोल्ट सोडून खालचा रंग आणि गंज पत्रा चमकेपर्यंत खरवडा. आमच्या गाडीची डावी बाजू एवढ्यानेच सुधारली, आणि हिवाळाभर रस्त्यावरचं मीठ खाऊनही तशीच आहे.

उजवीकडे मात्र मोटर उघडावीच लागली. कारण क्षुल्लक: रबरी टोपी फाटली की पाणी थेट आत. ग्रीस साबणासारखं घट्ट झालं होतं आणि संपर्कांवर हिरवा थर चढला होता. जुनं ग्रीस पुसून काढलं, चकती आणि संपर्क कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ केले, गिअरला पांढरं लिथियम ग्रीस लावलं. ग्रीस बेताचंच, चकतीवर गेलं तर पुन्हा तेच दुखणं. नवी टोपी स्वस्तातली घेतली, तिला काही महिन्यांतच चिरा पडल्या. इथे चार पैसे जास्त टाका.

खडबडीत रस्त्यावर दिवा थरथरतो त्याचा मोटरशी काही संबंध नाही. लिंकच्या टोकांचे सांधे झिजून ढिले होतात. दिवा वर करून हाताने हलवा; ‘टक’ असा आवाज आला तर लिंक बदला. आवाज नाही पण थोडी हालचाल आहे, तर वरच्या थांब्याचा रबरी टोकाचा बोल्ट लॉकनट सोडून जरासा बाहेर काढा. फार काढला तर मोटर थांब्यावर रेटत राहते आणि फ्यूज उडतो. मग तिथे 40 चा फ्यूज ठोकणाऱ्यांना हात जोडावेत. त्या वेळी जळते ती वायर.

कडाक्याच्या थंडीत झाकण बर्फाने चिकटतं. बटण दाबत बसू नका, मोटर अडकून तापते. दव गोठणार असं वाटलं की रात्री बटणाने दिवे वर करूनच गाडी लावा.

दिवा मात्र साधा आहे: जुन्या महिंद्रा जीपला असतो तसाच 7 इंची गोल. जपान आणि इंग्लंड, दोन्हीकडे गाडी डावीकडून चालते, त्यामुळे युनोसच्या काचेचा झोत समोरच्याच्या डोळ्यांवर जात नाही. अमेरिकेहून आणलेल्या गाडीत तो बदलावाच लागतो. झोताची उंची इंग्लंडमधल्या वाहनांच्या वार्षिक एमओटी तपासणीत बघतात, म्हणून लिंक किंवा थांब्याला हात लावला की झोत पुन्हा जुळवून घ्या.

एक गोष्ट अजून राहिली आहे. उजवं झाकण मिटल्यावर बॉनेटपेक्षा किंचित वर राहतं. लिंकची लांबी जुळवून ते बसेल. तेवढ्यासाठी नवी मोटर घेण्याची गरज नाही.