क्लिफ पॅलेस की बाल्कनी हाउस?

कोलोरॅडोतल्या मेसा व्हर्दे राष्ट्रीय उद्यानात कड्याच्या कपारीत बांधलेल्या या दोन प्राचीन वस्त्या. तिथे एकच दिवस असल्याने कुठली बघावी, हे मामा-मामींचं ठरेना. दोन्हीकडे रेंजरसोबतच (उद्यानाच्या वाटाड्यासोबत) जाता येतं आणि तिकीट वेगळं काढावं लागतं, त्यामुळे खर्चावरून निवड करता येत नाही.

क्लिफ पॅलेस भव्य: सुमारे १५० खोल्या, शिवाय किव्हा, म्हणजे धार्मिक विधींसाठी जमिनीत खोदलेल्या गोल खोल्या. शिड्या आहेत, पण लहान.

बाल्कनी हाउस छोटं, पण ३२ फुटी शिडी आणि जेमतेम १८ इंच रुंद बोगदा! सॅक पुढे ढकलत, ढोपरांवर रांगायचं. तेराव्या शतकातली प्यूब्लो (इथले मूळ रहिवासी) माणसं या कड्यात कशी ये-जा करत असतील, ते तिथेच उमगतं.

मामा चपळ, त्यांनी बाल्कनी हाउसच करावं. मामींना उंचीची धास्ती, त्यांना क्लिफ पॅलेस. गुडघे फारच कुरकुरले तर दरीपलीकडच्या सन टेंपल या जुन्या दगडी वास्तूपाशी उभं राहून क्लिफ पॅलेस समोरून बघावं.